काळे पाणी, गिरमिट आणि कादंबरी



कादंबरीवर बोलण्यासाठी कामगार चळवळीतल्या माणसाला पाचारण करावे, हे या व्याख्यानमालेच्या चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. साहित्यशास्त्राच्या कसोट्या लावणे हा माझा अधिकार नव्हे. परंतु काही वर्षांपूर्वी एक इंग्रजी कादंबरी माझ्या हाती आली. शेजारी छोटा कोश ठेवून मी ती वाचू लागलो आणि एक गंमत झाली. जे शब्द त्या कोशात सापडेनात, नेमके तेच मला आधीपासून ठाऊक होते! सारंग, टिंडल, खलाशी! मुंबईच्या गोदीत संघटनेचे काम करताना म्हाताऱ्या दर्यावर्द्यांच्या तोंडून ऐकलेले हे शब्द रोमन लिपीचा वेष घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. त्यामुळे पुस्तक परके वाटेना.

ही कादंबरी म्हणजे अमिताव घोष यांची ‘सी ऑफ पॉपीज’. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यामागून २०११ साली ‘रिव्हर ऑफ स्मोक’ आणि २०१५ साली ‘फ्लड ऑफ फायर’ असे आणखी दोन खंड आले. ‘आयबिस’ नावाच्या एका जहाजाभोवती हे तिन्ही खंड गुंफलेले असल्यामुळे त्यांना आयबिस त्रयी म्हणतात. काळ आहे १८३८ पासून पहिल्या अफूयुद्धापर्यंतचा. घोष यांना पुढे २०१८ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकाला मिळालेला हा पहिला ज्ञानपीठ.

परक्या सत्तेखालून मोकळ्या झालेल्या देशांतले कादंबरीकार पुन्हा पुन्हा समुद्राकडे का वळतात? राजेरजवाडे आणि लढाया सोडून जहाजाच्या तळघरात का शिरतात? आणि इतिहासाचे ग्रंथ असताना कादंबरीची गरज काय? या प्रश्नांचे माझ्यापरीने उत्तर आज द्यायचे आहे. ते थोडक्यात असे : साम्राज्य तोफेच्या जोरावर उभे राहिले हे आपण शाळेत शिकतो; पण ते रोजच्या रोज चालले ते उचल आणि अंगठा यांच्या जोरावर. तोफेचा इतिहास दप्तरात मिळतो. अंगठा उठवणाऱ्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय होते, हे मात्र कोणत्याही दप्तरात मिळत नाही. ते शोधण्याचे काम कादंबरीकाराने अंगावर घेतले आहे.

प्रथम इतिहास पाहू. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ साली झाला. मालकांना त्यांच्या ‘मालमत्ते’च्या नुकसानीबद्दल दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना एक पैही मिळाली नाही. मळ्यांवर ऊस तर उभाच होता. तो तोडायला नवे हात हवे होते. ते हात हिंदुस्थानात होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढे तेथे उभ्या राहिलेल्या घाटाच्या सोळा पायऱ्या आजही दाखवतात. आप्रवासी घाट असे त्याचे नाव; २००६ पासून तो जागतिक वारसा म्हणून गणला जातो. एकट्या मॉरिशसला सुमारे साडेचार लाख माणसे गेली. १८३८ साली, म्हणजे कादंबरीतल्या सालीच, ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजे कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील ब्रिटिश गयानात पोचली. त्यानंतर त्रिनिदाद, नाताळ, फिजी. १९२० साली ही पद्धत संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक माणसे अशा रीतीने समुद्रापार गेली.

ही माणसे एका करारावर सही करून जात. करार म्हणजे इंग्रजीत अग्रीमेंट. भोजपुरी जिभेवर त्याचे झाले गिरमिट आणि तो करणारा गिरमिटिया. मॉरिशसचा करार साधारण पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, अशी दुहेरी कपात. करार मोडला तर दिवाणी दावा नव्हे, फौजदारी शिक्षा, म्हणजे तुरुंग. साम्राज्याने या सगळ्याच्या नोंदी फार नीट ठेवल्या. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, पुढे पुढे तर छायाचित्रसुद्धा. तो माणूस कसा दिसत होता हे त्यांवरून कळते. तो का निघाला, याला मात्र त्या वहीत रकाना नाही.

घोष यांची कादंबरी या रिकाम्या रकान्यापासून सुरू होते. गाझीपूरजवळच्या एका खेड्यात दीती नावाची बाई राहते. समुद्र तेथून शेकडो मैल दूर; तिने तो कधी पाहिलेला नाही. तरी एके दिवशी गंगेत उभी असताना तिच्या डोळ्यांपुढे उंच डोलकाठ्यांचे एक जहाज येते. तिच्या शेतात मात्र गहू नाही, अफू आहे. का? तर कंपनीच्या माणसांनी अफूसाठी उचल घ्यायला लावली आहे. एकदा उचल घेतली की पीक त्यांनाच द्यायचे, त्यांच्याच भावाने. हिशेब झाला की शेतकऱ्याकडेच बाकी निघते. गव्हाचे काड नाही म्हणून झोपडीचे छप्परसुद्धा शाकारता येत नाही. ही एवढीशी गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. अफूच्या मक्तेदारीवर आकडेवारी पुष्कळ मिळते. पण नगदी पिकाने घराचे छप्पर कसे खाल्ले, हे मला या बाईने शिकवले.

दीतीचा नवरा गाझीपूरच्या अफूच्या कारखान्यात कामाला आहे आणि स्वतःच अफूच्या आहारी गेला आहे. तो आजारी पडला म्हणून त्याला आणायला ती कारखान्यात जाते. ते प्रकरण तुम्ही अवश्य वाचा. अफूच्या हौदांत कमरेइतके बुडालेले उघडे मजूर पायांनी ती मळत आहेत, डोळे निर्जीव झाले आहेत. बाहेर गटाराचे पाणी पिऊन माकडेसुद्धा गुंगली आहेत. हा कारखाना कल्पनेतला नाही. १८२० साली स्थापन झालेला गाझीपूरचा अफू कारखाना आज सरकारी मालकीचा आहे आणि तेथे औषधांसाठी अफूवर प्रक्रिया होते.

नवरा मरतो. दीतीला चितेवर चढवण्याची तयारी होते. कलुआ नावाचा चांभार जातीचा गाडीवान तिला तेथून उचलून नेतो. आता परत जायला गाव उरलेले नाही. दोघे नदीने कलकत्त्याकडे जातात आणि मजूर गोळा करणाऱ्या दफेदाराच्या हाती लागतात. येथे गिरमिट येते.

या कादंबऱ्यांचा खरा धागा मला येथे सापडला. अफूची उचल आणि गिरमिटाचा करार हे दोन वेगळे विषय नव्हेत. एकाने शेतकऱ्याला जमिनीवरून उपटले, दुसऱ्याने त्याला जहाजात भरले. त्याने पिकवलेली अफू चीनला जाई. तिच्या पैशातून चहा विकत घेतला जाई आणि तो लंडनच्या कपात पोचे. तो स्वतः मॉरिशसला जाई, ऊस तोडी आणि त्याची साखर त्याच कपात पडे. इंग्रज माणूस सकाळी जो चहा पीत होता, त्यात आमच्या माणसाचे शेतही विरघळलेले होते आणि शरीरही. आयबिस हे जहाजही असेच आहे. कादंबरीत ते पूर्वी आफ्रिकी गुलाम वाहणारे जहाज होते. मालकाने ते अफूच्या व्यापारासाठी घेतले. पण चीनचा बाजार डळमळीत झाला, म्हणून तूर्त मजूर आणि कैदी भरले. तळघर तेच, साखळ्यांच्या जागा त्याच, फक्त माल बदलला.

येथे मी थोडे स्वतःचे सांगतो, कारण त्यावाचून मला हा विषय कळला नसता. काही वर्षे मी ऊसतोड कामगारांत काम केले. एका हंगामाच्या अखेरीस एक बाई माझ्याकडे आली. मुकादमाने तिच्या नवऱ्याकडून उचलीपोटी अंगठा घेतला होता, तो कागद कसाबसा तिच्या हाती आला होता. ‘दादा, एवढं वाचून दाखवा, आम्ही काय लिहून दिलंय ते,’ ती म्हणाली. मी कागद उलटसुलट करून पाहिला. खाली दोन अंगठे, नवऱ्याचा आणि तिचा. आणि वर काहीच नाही. कोरा स्टॅम्पपेपर! मी तिला म्हटले, ‘ताई, यावर काहीच लिहिलेलं नाही.’ ती हसली. तिला वाटले की आता आपण सुटलो. काहीच लिहिलेले नाही म्हणजे वाटेल ते लिहिता येईल, हे तिला समजावून सांगताना मला जे कष्ट पडले, ते कोणत्याही सभेत पडले नाहीत.

म्हणून मॉरिशसची दुहेरी कपात वाचताना मला आमच्याकडचा ‘खाडा’ आठवला. आजारी पडून एक दिवस कोयता खाली ठेवला तर त्या दिवसाच्या कमाईहून अधिक दंड उचलीच्या हिशेबात चढतो. दोन्हीकडे पीकही एकच, ऊस. याचा अर्थ आजचा ऊसतोड कामगार आणि १८३८ चा गिरमिटिया एकच, असे मी म्हणत नाही. आजच्या कामगाराला मत आहे, कायदा आहे, १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध झालेला कायदाही आहे. पण ‘त्याने स्वखुशीने अंगठा दिला’ हे वाक्य मी दोन्ही काळांत ऐकतो. कादंबरी त्या ‘स्वखुशी’च्या आत शिरून पाहते.

आता जहाजावर चला. ‘काळे पाणी’ म्हटले की आपल्याला अंदमान आठवते. पण अंदमानची ती वसाहत १८५८ सालची. त्यापूर्वी सारा समुद्रच काळे पाणी होता. तो ओलांडला की जात गेली, असे मानत. कादंबरीत या भीतीने माणसे अर्धमेली होतात. मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणते की आपण सगळे एका जहाजाचे, म्हणून आपण जहाजभाई आणि जहाजबहिणी. ही लेखकाची कल्पना नव्हे. ‘जहाजी भाई’ हे नाते वसाहतींत खरोखर मानले जात होते.

कामगार कार्यकर्त्याला हा भाग फार आवडावा हे उघड आहे. निरनिराळ्या जातींची, गावांची, भाषांची माणसे एका तळघरात कोंडली जातात आणि त्यांना प्रथमच कळते की आपला मालक एक आहे. पण घोष येथे थांबत नाहीत, म्हणून मी त्यांना मोठा लेखक मानतो. जहाजावर मजुरांवर देखरेख करणारा सुभेदार भैरोसिंग हा दीतीच्या नवऱ्याचाच नातेवाईक निघतो. कलुआला चाबकाचे फटके बसतात ते उच्च जातीच्या बाईबरोबर तो पळाला म्हणून. चाबूक गोऱ्याच्या जहाजावरचा. पण तो उगारणारा हात आपला आणि त्यामागचा राग आपल्या गावातून आलेला. काळ्या पाण्यात जात बुडाली नाही. तीही तिकीट काढून जहाजात बसली होती.

नावाचेही तसेच. कलुआ खरे नाव लपवून स्वतःला मधु म्हणवतो, बापाच्या नावाच्या जागी कलुआ सांगतो. नोंद करणाऱ्या गोऱ्याच्या कानावर ते जसे पडले तसे कागदावर उतरले : मॅडो कोल्व्हर. दुसऱ्या खंडाच्या आरंभी मॉरिशसमध्ये दीतीचे मोठे गोत भेटते, ते कोल्व्हर घराणे म्हणूनच! चुकीने लिहिलेले नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना येथील कितीतरी भारतीय वंशाच्या आडनावांमागे असाच एखादा घाईतला कारकून उभा आहे.

येथपर्यंत गोष्ट बिहार-बंगालची झाली. पण श्रोतेहो, मुंबई यातून सुटत नाही. दुसऱ्या खंडाचा नायक बहराम मोदी हा मुंबईचा पारशी व्यापारी आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि तिच्या व्यापारात मुंबईच्या अनेक पेढ्या श्रीमंत झाल्या, हे इतिहासात नमूद आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीतही चीनच्या व्यापाराचा, म्हणजे अफूचा, मोठा वाटा होता. आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ साली सुरू झालेल्या इस्पितळात आजही गरिबांवर उपचार होतात. बहराम स्वभावाने दिलदार आहे, नोकरांवर जीव लावतो, आणि जहाजभर विष घेऊन कँटनला जातो. १८३९ साली चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन झेशू याने परकी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. त्यातून युद्ध पेटले. १८४२ साली नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. हा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला, ती १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या कारागिरांनी सागवानात बांधली होती. त्या गोदीच्या आसपास मी आयुष्याची पंचवीस वर्षे काढली; ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. तिसऱ्या खंडात चीनवर चालून जाणारा हवालदार केसरीसिंग हा तर दीतीचाच सख्खा भाऊ. बहिणीच्या शेतातली अफू चीनने नाकारली म्हणून भाऊ बंदूक घेऊन तिकडे जातो. साम्राज्य आपल्याकडून काय काय करवून घेत होते, याचे याहून थोडक्यात चित्र मी पाहिलेले नाही.

महाराष्ट्राचा आणखी एक धागा सांगितलाच पाहिजे. वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. त्याच रानड्यांनी १८९३ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत हिंदी लोकांच्या परदेशगमनावर निबंध वाचला. येथल्या दरिद्री शेतमजुराला तो सुटकेचा एक मार्ग आहे, असा त्याचा एकूण रोख होता. त्यांचे पट्टशिष्य गोखले यांनी १९१० साली नाताळला मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मंजूर करून घेतला. १९१२ साली त्यांनी ही गिरमिटपद्धतच बंद करा, असा ठराव मांडला. सरकारी मतांनी तो पडला. परंतु अखेर १९१७ साली भरती थांबली. गुरू चुकला आणि शिष्य बरोबर, असा सोपा निकाल मी देणार नाही. रानड्यांना दुष्काळ दिसत होता. उपाशी मरण्यापेक्षा समुद्रापारची भाकरी बरी, हा विचार तेव्हाही अनेक घरांत झाला आणि आजही होतो. गोखल्यांनी प्रश्न भाकरीवरून कराराकडे नेला : अडाणी माणसाला न कळणाऱ्या अटींवर, न कळणाऱ्या देशात नेणे आणि मोडला करार तर तुरुंगात घालणे, याला करार म्हणावे काय? दोघांचे म्हणणे कादंबरीत एकत्र नांदते. दीतीच्या जिवाला जहाज हीच सुटका आहे आणि जहाज हाच तुरुंग आहे.

कादंबरीची मर्यादाही सांगतो. दीती आणि कलुआ चितेवरून आणि मारेकऱ्यांपासून पळतात. गोष्टीला असा विस्तव लागतो. पण बहुतेक माणसे अशा रोमहर्षक कारणाने निघाली नसणार. कर्ज, नापीक वर्ष, घरातले भांडण, बाजारात भेटलेला गोडबोल्या आरकाटी, अशी साधी कारणे त्यांच्यामागे होती. शिवाय कादंबरीत संकटातून पाचजण होडी सोडून निसटतात. बाकीच्यांना मळ्यावर पाच वर्षे काढायचीच असतात. ती वर्षे ज्यांना वाचायची असतील त्यांनी अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ ही १९७७ ची हिंदी कादंबरी घ्यावी. अनत हे मॉरिशसचेच. जेथे जहाज नांगर टाकते, तेथून त्यांची गोष्ट सुरू होते. ऊस, सरदार, कोठी, मार आणि हळूहळू ताठ होणारा कणा.

तो कणा ताठ व्हायला पिढ्या लागल्या. १८७१ साली मॉरिशसमधल्या नऊ हजारांहून अधिक जुन्या गिरमिटियांनी, द प्लेवित्झ नावाच्या एका सहृदय मळेवाल्याच्या साह्याने, गव्हर्नरकडे अर्ज केला आणि त्यातून चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. ज्या बोटांनी न कळता गिरमिटावर खूण केली होती, त्यांच्या नावे या वेळी कळून-सवरून अर्ज गेला. मला विचाराल तर तेथील कामगार चळवळीचा आरंभ हा आहे. पुढे १९३६ साली मजूर पक्ष स्थापन झाला, १९३७ साली मळ्यांवर मोठे संप झाले, १९६८ साली देश स्वतंत्र झाला. आज तेथे २ नोव्हेंबरला गिरमिटियांच्या आगमनाची सुटी असते. कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे आहेत, शाळांतून मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीलाही सार्वजनिक सुटी असते.

तेव्हा वसाहतीतून मुक्त झालेल्या देशाचा कादंबरीकार समुद्राकडे का वळतो, याचे उत्तर मी असे देईन. राजवाड्याच्या वंशजाला आपला इतिहास शिलालेखात मिळतो. आमच्यासारख्यांचे पूर्वज नोंदवहीत एका ओळीत सापडतात, तेही चुकीच्या नावाने. त्या ओळीतून जिवंत माणूस उभा करायचा तर कागदपत्रांचा काटेकोर अभ्यास हवा आणि कल्पनाही हवी. घोष यांनी १८११ साली कलकत्त्यात निघालेल्या टॉमस रोबक यांच्या नौकाशब्दांच्या कोशापासून अभ्यास केला आणि मगच खलाशांना बोलते केले. म्हणून त्यांची भाषा माझ्या ओळखीची निघाली.

त्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईने पुढच्या हंगामात काय केले, हे सांगून संपवतो. ती पुन्हा टोळीबरोबर गेली. जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण अंगठा देण्यापूर्वी ती मुकादमाला म्हणाली, ‘आधी लिवा, मग वाचून दावा, मग अंगठा.’ त्या वर्षी तिच्या टोळीत निदान कागद कोरा नव्हता. अटी कठीणच होत्या. तेवढ्यावर समाधान मानावे असे मी म्हणत नाही. परंतु एकशे ऐंशी वर्षांपूर्वी गंगेच्या काठी दीतीसारख्या बायकांना एवढे म्हणायला कोणी शिकवले असते तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.